आयेल्ट्स स्पीकिंगची तयारी : क्लासला यायच्या आधी हे एकदा वाचा

नमस्कार मंडळी. आयेल्ट्स म्हणजे परदेशी शिकायला-नोकरीला जाताना द्यायची इंग्लिशची टेस्ट, आणि स्पीकिंग हा तिच्यातला बोलायचा भाग. आमच्याकडं चौकशीला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, स्पीकिंगच्या आन्सर्सची पीडीएफ मिळंल का?" प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसायला लागला म्हणून हे पत्रक काढलंय. पीडीएफ मिळणार नाही. का नाही आणि त्याच्या बदल्यात काय करायचं ते खाली लिहिलंय, मग क्लास लावा नाहीतर घरी बसून करा, तुमची मर्जी.

टेस्टमध्ये नक्की होतं काय

स्पीकिंग ११ ते १४ मिनिटांचं असतं. समोर एक्झामिनर असतो, जिवंत माणूस, कधी त्याच खोलीत तर कधी व्हिडिओ कॉलवर. (पीटीई ही इंग्लिशचीच दुसरी एक टेस्ट, तिच्यात कम्प्युटरशी बोलावं लागतं, त्यामुळं "मित्रानं पीटीई दिली, त्याच्याच नोट्स वापरतो" असं करू नका.) ॲकॅडेमिक (कॉलेजसाठीची टेस्ट) असो की जनरल ट्रेनिंग (नोकरी, स्थायिक होण्यासाठीची), स्पीकिंग दोघांना सेमच. आणि बाकीच्या तीन पेपरच्या (लिसनिंग, रीडिंग, रायटिंग) दिवशीच स्पीकिंग लागेल असं काही नाही, आठवडाभर आधी किंवा नंतरही लागू शकतं, तेव्हा बुकिंग केल्यावर ईमेल बघत चला.

पार्ट वन चार-पाच मिनिटांचा. घर, गाव, काम, शिक्षण, जेवण, सुट्टी असले ओळखीतले प्रश्न. पार्ट टूमध्ये एक कार्ड मिळतं, त्यावर विषय आणि तीन-चार मुद्दे, विचार करायला एक मिनिट, कागद-पेन्सिल तेच देतात, आणि मग एक ते दोन मिनिटं तुम्ही एकट्यानं बोलायचं. पार्ट थ्री परत चार-पाच मिनिटांचा, त्याच विषयाला धरून पण जरा मोठे प्रश्न, म्हणजे तुमच्या घरातनं उठून समाजाकडं जायचं.

मार्क चार गोष्टींना आणि चारींना सारखेच : न अडखळता मुद्द्याला धरून बोलणं, शब्दसंपत्ती, ग्रामर आणि उच्चार. या चारात "उत्तर बरोबर आहे का" हे कुठंच नाही हे नीट बघा. तुम्हाला रंकाळा आवडतो का पन्हाळा, मांसाहार चांगला का शाकाहार, त्यांना काही देणंघेणं नाही. तुम्ही ते कसं सांगता एवढंच ऐकतात.

पीडीएफ का नाही

हे माझ्याच अनुभवावरनं सांगतो. मी पहिल्यांदा टेस्ट दिली तेव्हा पंचवीस कार्डांची उत्तरं तोंडपाठ करून गेलेलो. "आवडते शिक्षक" तर इतकं पाठ की झोपेत उठवलं असतं तरी म्हटलं असतं. कार्ड आलं शेजाऱ्याचं. मग काय, मी माझ्या शिक्षकांनाच शेजारी आणून बसवलं आणि दोन मिनिटं फडाफडा म्हणून टाकलं, मनात म्हटलं जिंकलो. एक्झामिनर बाईंनी साधं विचारलं, हे अजून तुमच्या शेजारीच राहतात का? आणि मी गप. एकदम ब्लँक. कारण असा शेजारी नव्हताच कधी. पुढच्या अख्ख्या पार्ट थ्रीमध्ये माझा आवाज परत वर आलाच नाही.

पाठ केलेलं ऐकू येतं हो. सूर बदलतो, स्पीड वाढतो, डोळे वर छताकडं जातात आणि मधेच एखादा असा भारदस्त शब्द येतो जो त्या माणसानं आधीच्या पाच मिनिटांत वापरलेला नसतो. एक्झामिनर दिवसभर तेच ऐकत असतो, पाठांतर ओळखायचं ट्रेनिंगच असतं त्याला, मग तो प्रश्न वळवतो आणि आपली गाडी रुळावरनं खाली.

मग बोलायचं काय? आपलंच

मागं एक कागलकडचा मुलगा आमच्याकडं होता, मेकॅनिकल झालेला, कॅनडाला जायचं होतं. मॉकमध्ये, म्हणजे सरावाच्या टेस्टमध्ये, कार्ड दिलं, "एखादी जागा जिथं लोक काहीतरी बनवतात." त्यानं सुरुवात केली कुठल्यातरी कार फॅक्टरीनं जी त्यानं युट्यूबवर बघितलेली, तिसऱ्या वाक्याला टाकी संपली. मी म्हटलं थांब, घरी काय करतात? म्हणाला गुऱ्हाळ आहे. मग सांग की गुऱ्हाळाचं!

एक मिनिट दिलं. त्यानं कागदावर मोजून सहा शब्द लिहिले : आजोबा, पहाट, वास, काहील, भेंडी, गरम गूळ. आणि मग हा पठ्ठ्या बोलायला लागला. पहाटे चरक सुरू होतो, रस काहिलीत उकळतो, भेंडीचं चिकट पाणी टाकलं की मळी वर येते ती काढायची, गुळव्या नुसता रंग आणि बुडबुडे बघून सांगतो आता उतरवा, आणि लहानपणी हा गरम गूळ खाऊन जीभ भाजून घ्यायचा. काहिलीला इंग्लिश शब्द त्याला येत नव्हता. म्हणाला, "अ ह्यूज फ्लॅट आयर्न पॅन, बिग इनफ फॉर अ मॅन टू लाय डाउन इन." मी टेबलावर हात मारला! शब्द आठवला नाही म्हणून थांबण्याऐवजी दुसऱ्या शब्दांत सांगता येणं, यालाच तर शब्दसंपत्तीत मार्क असतात. दोन मिनिटांनी मला त्याला थांबवावं लागलं.

तेव्हा एक काम करा, आज रात्रीच. वहीत स्वतःच्या आयुष्यातल्या दहा-बारा गोष्टी काढा : एक माणूस, एक जागा, एक वस्तू, एक प्रवास, एक सण, एक फजिती, एक शिकलेली गोष्ट, एक भांडण, असं. प्रत्येकाखाली पाच-सहा शब्दच, वाक्य लिहायचं नाही, वाक्य लिहिलं की पाठ होतंच. एकच गोष्ट चार कार्डांना लागू पडते, गुऱ्हाळ हे "आवडती जागा"ला चालतं, "घरातला मोठा माणूस"ला चालतं, "बालपणीची आठवण"लाही चालतं.

पार्ट थ्रीला मात्र "माझे आजोबा" वर अडकू नका. त्या मुलाला मी विचारलं, असले जुने धंदे टिकतील का? तो म्हणाला टिकतील, पण मशीन आणि मार्केटिंग आलं तरच, आणि उदाहरण दिलं आपल्या चपलेचं, की २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला जीआय टॅग (म्हणजे ही वस्तू याच भागाची, असा सरकारी शिक्का) मिळाला तरी कारागिराच्या पोरांना हा धंदा नको वाटतो. मत, कारण, उदाहरण, आणि "पण दुसऱ्या बाजूनं बघितलं तर". एवढं चार वाक्यात झालं की बस. साल चुकलं असतं तरी मार्क गेले नसते, पण उदाहरण दिलंच नसतं तर उत्तर हवेत राहिलं असतं.

मराठीतनं आलेल्या चुका

या आपल्या खास चुका आहेत, पुस्तकात सापडत नाहीत. आपण मनात मराठी वाक्य करतो आणि त्यावर इंग्लिश शब्द चिकटवतो.

"मी पाच वर्षांपासून इथं राहतोय", यातल्या "पासून"चं आपण "सिन्स" करतो आणि बाहेर पडतं "आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स". पाहिजे "आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स". "मी कोल्हापूरचाच" मधला "च" होतो "ओन्ली" : आय ॲम फ्रॉम कोल्हापूर ओन्ली. तो ओन्ली काढा, जोर द्यायचाच तर आवाजानं द्या. "आज सकाळी"चं होतं "टुडे मॉर्निंग", पाहिजे "धिस मॉर्निंग". "मला दोन बहिणी आहेत" चं "आय ॲम हॅविंग टू सिस्टर्स", नुसतं "आय हॅव". "पास्ड आउट इन २०२२" असं सांगितलं तर बाहेरच्या माणसाला वाटेल तुम्ही चक्कर येऊन पडला होता, "ग्रॅज्युएटेड" म्हणा. आणि सगळ्यात मोठा मान "मीन्स"चा. प्रत्येक वाक्याआधी मीन्स, मीन्स, मीन्स, कारण आपण मराठीत दर वाक्याला "म्हणजे" म्हणतो. त्याच्या जागी "आय मीन" चालेल, पण तेही दर वाक्याला नको, विचार करायला वेळ पाहिजे तर "लेट मी थिंक" म्हणून खुशाल दोन सेकंद थांबा.

"अ" आणि "द" ही इंग्लिशची आर्टिकल्स मराठीत नाहीतच, त्यामुळं ते गळतात, "माय फादर इज फार्मर". एका दिवसात सुधारणार नाही, पण रेकॉर्डिंग ऐकून मोजायला लागलात की आपोआप कमी होतं.

उच्चाराचं काय

इंग्रजी ॲक्सेंट आणायला जाऊ नका, प्लीज. काही जण टेस्टच्या आदल्या आठवड्यात अचानक लंडनचे होतात आणि मग काहीच कळत नाही. आपला मराठी ॲक्सेंट चालतो, समोरच्याला ताण न घेता कळलं पाहिजे एवढंच. तीन गोष्टींवर मेहनत घ्या. एक, आपला "व" दोन इंग्लिश आवाजांचं काम एकटाच करतो, "वेस्ट" म्हणजे पश्चिम म्हणताना ओठ गोल, आणि आत घालायचं "व्हेस्ट" म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर. दोन, "वर्केड", "आस्केड" असं स्पेलिंगप्रमाणं वाचू नका, "वर्क्ट", "आस्क्ट". तीन, जोर. मराठीत आपण सगळी अक्षरं जवळपास सारख्या वजनानं बोलतो, इंग्लिशमध्ये एकावर वजन पडतं : "फोटोग्राफ" मध्ये पहिल्या "फो"वर, पण "फोटोग्राफर" मध्ये ते सरकून "टॉ"वर जातं. "डेव्हलप"चा जोर "व्हे"वर आहे, "डे"वर नाही. डिक्शनरी ॲपमध्ये स्पीकरचं बटन असतं, ते दाबायला पैसे पडत नाहीत.

घरी सराव

मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि ऐका. ऐकायला लाज वाटते, सगळ्यांना वाटते, पहिले चार दिवस. रंकाळ्याला चक्कर मारताना इअरफोन लावून बोलत गेलात तरी लोकांना वाटतं फोनवर आहे, आमच्या बऱ्याच मुलांनी अशीच तयारी केलीय. घरात कुणाला इंग्लिश येत नसेल तरी चालतं, आईला समोर बसवून दोन मिनिटाचा टायमर लावायला सांगा, मधे थांबलात की ती सांगेल.

"इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज" असल्या म्हणी पाठ करून घुसडू नका. जिथं बसत नाही तिथं ती म्हण चपात्यांच्या डब्यात चपलेसारखी दिसते.

टेस्टच्या दिवशी

जो पासपोर्ट देऊन बुकिंग केलं तोच ओरिजिनल पासपोर्ट, झेरॉक्स नाही. सेंटर पुण्याला वगैरे लागलं तर आदल्या दिवशीच जा, पहाटेच्या गाडीनं जाऊन हायवेच्या ट्रॅफिकवर भरवसा ठेवू नका. प्रश्न ऐकू आला नाही तर "कुड यू रिपीट दॅट, प्लीज?" बिनधास्त विचारा, त्याचे मार्क जात नाहीत. पार्ट टूला एक्झामिनरनं मधेच तोडलं तर घाबरू नका, दोन मिनिटं झाली एवढाच त्याचा अर्थ. तो हसत नसेल तर तेही मनावर घेऊ नका, सगळ्यांना सारखं वागवायचं म्हणून तसे बसतात.

रिझल्ट दोन वर्षं व्हॅलिड असतो. फक्त स्पीकिंगच अर्ध्या बँडनं (बँड म्हणजे आयेल्ट्सचे मार्क) अडकलं आणि टेस्ट कम्प्युटरवर दिली असेल तर तेवढाच एक भाग ६० दिवसांच्या आत परत देता येतो, पण तो स्कोअर सगळीच कॉलेजं घेतात असं नाही, पैसे भरायच्या आधी कॉलेजला मेल टाकून विचारा.

आमच्याबद्दल थोडं

कोल्हापुरात राजारामपुरीत एक खोली आहे, आठ खुर्च्या आहेत, म्हणून बॅच आठचीच. बँडची गॅरंटी देत नाही, कुणी देत असेल तर त्याला लेखी मागून बघा. आठवड्याला एक मॉक, रेकॉर्डिंग तुमच्या मोबाईलवर देतो आणि तुमच्या चुकांची यादी तुमच्याच हातानं लिहून घेतो. तीन महिने हातात असतील तर उत्तम, तीन आठवडे असतील तर तसं आधीच सांगा म्हणजे उगाच ग्रामरमध्ये वेळ घालवत नाही.

शनिवारी संध्याकाळी एक मॉक फुकट घेतो, क्लास लावायचा नसला तरी या. येताना ती दहा-बारा गोष्टींची वही आणा, आणि आधी मेसेज टाका, नववा आला की त्याला पायरीवर बसून बोलावं लागतं.