जुन्या गाडीच्या धुरातले दोन आकडे

गेल्या श्रावणात, बाहेर झड लागलेली असताना, बेळगावच्या उद्यमबागेतील एका गॅरेजात मी शेजाऱ्यांच्या १९९७ सालच्या, कार्ब्युरेटरवाल्या (पेट्रोल व हवा मिसळून इंजिनाला देणारे जुने साधन असलेल्या) लहान चारचाकीजवळ उभा होतो. आदल्या दिवशी तपासणी केंद्रात ती गाडी नापास झाली होती आणि हातात एक चिठ्ठी आली होती. तिच्यावर कार्बन मोनॉक्साइड ४.४ टक्के आणि हायड्रोकार्बन ११२० पीपीएम (दहा लाख भागांत ११२० भाग) असे दोन आकडे होते. बहुतेक गाडीमालक या चिठ्ठीतला ‘नापास’ एवढाच शब्द वाचतात, आणि मग कशी तरी पास झाल्याची चिठ्ठी पदरात पाडून घेण्याची वाट शोधू लागतात. माझे प्रामाणिक मत असे आहे की रक्ततपासणीचा अहवाल जसा आपण वाचतो, तसेच हे दोन आकडे वाचायला हवेत, कारण इंजिनात नेमके काय बिघडले आहे आणि दुरुस्ती कोठून सुरू करावी, हे त्यांत बऱ्याच अंशी लिहिलेले असते.

आपल्याकडे या तपासणीला कोणी पीयूसी म्हणतो, कोणी एमिशन. तिचा आधार केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील ११५वा नियम हा आहे. तो केंद्राचा असल्यामुळे कर्नाटकातल्या निपाणीत जी मर्यादा तीच सीमेपलीकडे महाराष्ट्रातल्या कागलमध्ये लागू होते, आणि मुदतीत असलेले प्रमाणपत्र देशभर चालते. बीएस म्हणजे भारत स्टेज, नव्या गाड्यांच्या धुरासाठी सरकारने ठरवलेले टप्पे. बीएस-२ च्या आधीच्या पेट्रोल चारचाकीला इंजिन जागच्या जागी मंद गतीने चालू असताना कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएमपर्यंत चालतो. बीएस-२ आणि बीएस-३ च्या गाड्यांसाठी हेच आकडे ०.५ टक्का आणि ७५० पीपीएम आहेत, तर १ एप्रिल २०१७ पासून देशभर सक्तीच्या झालेल्या बीएस-४ साठी ०.३ टक्का आणि २०० पीपीएम. जुन्या गाड्यांचे प्रमाणपत्र सहा महिने टिकते, बीएस-४ आणि त्यापुढच्यांचे एक वर्ष.

आता त्या आकड्यांच्या अर्थाकडे येऊ. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा कमी पडली की पेट्रोलमधला कार्बन अर्धवट जळतो आणि कार्बन डायऑक्साइडऐवजी कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. म्हणून हा आकडा चढला की मिश्रणात पेट्रोल जास्त झाले आहे, असे समजावे. गरजेपेक्षा दहा टक्के हवा कमी मिळाली तरी तो सुमारे ३ टक्क्यांपर्यंत जातो. हायड्रोकार्बन म्हणजे मुळीच न जळता निसटलेले पेट्रोल. ठिणगी चुकली, झडप नीट बसली नाही, किंवा मिश्रण इतके पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) झाले की ज्योत पुढे सरकेना, तर हा आकडा वाढतो. यंत्राला हे कळते ते अवरक्त किरणांमुळे. कार्बन मोनॉक्साइड सुमारे ४.७ मायक्रोमीटर तरंगलांबीचे किरण शोषतो, तर हायड्रोकार्बन ३.४ मायक्रोमीटरच्या आसपासचे. नळीतून ओढलेल्या धुरातून हे किरण जाताना किती कमी झाले, यावरून यंत्र प्रमाण काढते.

शेजाऱ्यांच्या गाडीत हायड्रोकार्बन मर्यादेच्या आत होता आणि कार्बन मोनॉक्साइड बाहेर. याचा अर्थ ठिणगी बऱ्यापैकी शाबूत होती, पण इंजिन पेट्रोल जास्त पीत होते. त्यामागे आमच्या गावाचाही थोडा हात होता. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि येथील हवा किनाऱ्यावरच्या हवेपेक्षा सुमारे सात टक्के विरळ आहे. कार्ब्युरेटरला हा फरक ओळखता येत नाही. गोव्यात नीट लावलेली गाडी चोर्ला घाट चढून वर आली की हवा घटते, पेट्रोल मात्र त्या मानाने कमी होत नाही, आणि मिश्रण तीन-चार टक्क्यांनी गडद, म्हणजे पेट्रोल जास्त असलेले, होते. ही गाडी पूर्वी बरीच वर्षे पणजीला होती, हे ऐकल्यावर मेकॅनिकने मान डोलावली.

तरीही त्याने लगेच कार्ब्युरेटरवरच्या, मिश्रण कमी-जास्त करणाऱ्या स्क्रूला हात लावला नाही, आणि येथेच चांगला मेकॅनिक ओळखता येतो. आधी एअर फिल्टर काढला. खानापूर रोडवरची लाल माती आणि पावसाळी ओल यांनी त्याचा कागद चामड्यासारखा झाला होता. नवा फिल्टर बसवताच कार्बन मोनॉक्साइड ४.४ वरून ३.६ वर आला. मग त्याने चारही प्लग काढून ओळीने फडक्यावर मांडले. तिघांचे टोक काळ्या, कोरड्या काजळीने माखलेले होते, आणि चौथ्यावर ओलसर, तेलकट चकाकी होती. कोरडी काजळी जादा पेट्रोलची खूण, तर तेलकटपणा ऑइल वर चढत असल्याची. प्लगची फट फीलर गेजने मोजली, डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट घासले, टायमिंग तपासले, चोक (थंड इंजिन सुरू करताना हवा अडवणारी झडप) पूर्ण उघडतो की नाही ते पाहिले. चोक पूर्ण उघडत नव्हता, त्याची तार आखडली होती. तार मोकळी झाल्यावर आकडा ३.१ झाला.

सर्वांत शेवटी मिक्श्चरचा स्क्रू. पाव फेरा आत, मग अर्धा मिनिट थांबणे, मग यंत्राकडे पाहणे, असे चालले होते. पाव फेऱ्यात कार्बन मोनॉक्साइड २.१ वर आला आणि हायड्रोकार्बन ६४० वर. मी विचारले, आणखी थोडा आत घेतला तर? त्याने मला दाखवण्यासाठीच आणखी अर्धा फेरा दिला. कार्बन मोनॉक्साइड ०.८ झाला, पण इंजिन थरथरू लागले आणि हायड्रोकार्बन एकदम १९०० च्या पुढे गेला. मिश्रण इतके पातळ झाले होते की अधूनमधून एखाद्या सिलिंडरात ज्योत पेटतच नव्हती. त्याने स्क्रू मागे घेऊन २.१ वर ठेवला. केवळ चिठ्ठीसाठी स्क्रू आवळून घेणाऱ्यांनी हे दृश्य एकदा पाहावे असे मला मनापासून वाटते. अशी गाडी चढावर दम सोडते, तापते, आणि गरम, पातळ मिश्रणातून जे नायट्रोजनचे ऑक्साइड जास्त निघतात, ते या तपासणीत मोजलेच जात नाहीत.

इंजेक्शनच्या, म्हणजे संगणक ठरवेल तितके पेट्रोल फवारणाऱ्या, गाड्यांत स्क्रू नसतो, तेथे शोध वेगळ्या दिशेने घ्यावा लागतो. धुराच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर मिश्रण गडद आहे की पातळ ते संगणकाला सांगतो. तो सुमारे ३०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय काम करत नाही आणि वयोमानाने मंद होतो. पण आमच्या भागात मला वारंवार दिसलेले कारण त्याहून साधे आहे. एका बीएस-३ गाडीचा थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारे पाणी अडवणारी झडप) कोठे आहे असे विचारले, तेव्हा मेकॅनिक म्हणाला, “गाडी गरम व्हायली म्हणून पूर्वीच काढून टाकलंय बघा.” थर्मोस्टॅट नसलेले इंजिन बेळगावच्या जुलै-ऑगस्टच्या गारव्यात पुरेसे तापतच नाही. मग संगणक ते अजून थंडच आहे असे मानून जादा पेट्रोल देत राहतो, आणि मालक मात्र महागडा सेन्सर बदलून बसतो. नवा थर्मोस्टॅट त्या मानाने फारच स्वस्त पडतो.

धुराच्या वाटेवर बसवलेल्या, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा दोषही असाच घाईने काढला जातो. त्यातल्या प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमच्या थरावर कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन जळतात खरे, पण त्यासाठी साधारण २५० ते ३०० अंश तापमान आधी गाठावे लागते. पावसात रांगेत वीस मिनिटे मंद गतीने चालत राहिलेल्या गाडीचा कन्व्हर्टर निवलेला असतो. खानापूरहून २५ किलोमीटर चालवत आणून लगेच तपासलेली गाडी आणि टिळकवाडीतल्या दारातून काढून थेट केंद्रात नेलेली तीच गाडी, यांच्या आकड्यांत बराच फरक पडू शकतो. यात लबाडी काही नाही, कारण इंजिन गरम असताना तपासावे हाच नियमाचाही हेतू आहे. कन्व्हर्टर खरोखर मरतो तो ऑइल जाळणाऱ्या किंवा मिसिंग मारणाऱ्या (अधूनमधून ज्योत चुकवणाऱ्या) इंजिनामुळे. ऑइलमधला फॉस्फरस त्या थरावर बसतो, आणि न जळलेले पेट्रोल आत जाऊन पेटले की त्याची जाळी वितळते. म्हणून मूळ बिघाड न काढता नवा कन्व्हर्टर बसवणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे आहे.

इथेनॉलबद्दलही हल्ली हमखास विचारले जाते. चिकोडी, हुक्केरी, अथणी, रायबाग या भागांत ऊस आणि साखर कारखाने यांच्याभोवतीच अर्थकारण फिरते, आणि आता त्याच उसाचे इथेनॉल पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत येते. इथेनॉलच्या वजनाचा सुमारे ३५ टक्के भाग ऑक्सिजन असतो. त्यामुळे कार्ब्युरेटरच्या गाडीत मिश्रण आपोआप थोडे पातळ होते आणि कार्बन मोनॉक्साइड उतरतो. मात्र ते टाकीतला जुना साका सोडवून फिल्टरमध्ये आणते, पाणी ओढून घेते, आणि जुन्या रबरी नळ्यांना फुगवते. पंचवीस वर्षांच्या गाडीत पेट्रोलच्या नळ्या व फिल्टर तपासणीआधी बदलून घेणे मी तरी आवश्यक मानतो, आगीच्या धोक्यामुळे तर अधिकच.

सायलेन्सरला भोक असेल तर बाहेरची हवा आत शिरून आकडे चुकतात, म्हणून ते आधी वेल्ड करून घ्यावे. आणि कार्ब्युरेटर लावण्याचे काम पावसाच्या भीतीने बंद शेडमध्ये कदापि करू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग किंवा वास नसतो, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट धरतो. आमच्या मेकॅनिकने भर पावसातही दोन्ही शटर वर ठेवली होती आणि गाडीचे मागचे तोंड बाहेर काढले होते.

डिझेल गाडीची परीक्षा निराळी असते. तेथे ॲक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबून धुराचा काळेपणा मोजतात. बीएस-४ च्या आधीच्या गाडीला तो ६५ हार्ट्रिज युनिटपर्यंत चालतो, बीएस-४ ला ५० पर्यंत. इंजिनावर यात मोठा ताण येतो. म्हणून टायमिंग बेल्टची मुदत उलटली असेल तर आधी तो बदलावा, कारण अशा वेळी तो तुटला तर झडपा पिस्टनवर आपटतात. काळ्या धुराचे मूळ बहुधा तुंबलेल्या एअर फिल्टरमध्ये किंवा डिझेल फवारताना थेंब गाळणाऱ्या नोझलमध्ये सापडते.

शेजाऱ्यांची गाडी दुसऱ्या दिवशी २.२ आणि ६६० या आकड्यांवर पास झाली. सहा महिन्यांनी, माघात, तोच स्क्रू न हलवता आकडा २.७ आला. तेव्हा त्यांनी स्वतःच बॉनेट उघडून एअर फिल्टरचे झाकण काढले. आत हिवाळ्यातल्या वीटभट्ट्यांच्या रस्त्यावरची तांबडी धूळ बोटभर साचली होती.