उभ्या रेघेची करामत

लिनक्सचं टर्मिनल पहिल्यांदा उघडलं की काळ्या पडद्यावर नुसता कर्सर लुकलुकत असतो. आता शेकडो कमांड पाठ कराव्या लागणार, या धास्तीने बरेच जण ती खिडकी लगेच बंद करतात. मला मात्र वाटतं, की सात-आठ कमांड आणि एक उभी रेघ एवढ्यावर रोजचं पुष्कळ काम निभावतं.

समजा, वाचनालयातून वर्षभरात गेलेल्या पुस्तकांची नावं एका फाइलमध्ये आहेत, एका ओळीत एक. सर्वांत जास्त वेळा गेलेली दहा पुस्तकं हवी आहेत. मग लिहायचं (टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरांत):

सॉर्ट यादी | युनिक -सी | सॉर्ट -एनआर | हेड

पहिली सॉर्ट नावं क्रमाने लावते. युनिक सारख्या ओळींची एक ओळ करून तिच्याआधी संख्या लिहिते. दुसरी सॉर्ट मोठी संख्या वर आणते आणि हेड वरच्या दहा ओळी दाखवते. पहिली सॉर्ट गाळून बघा, आकडे चुकतील. कारण युनिक हातातली ओळ फक्त लगतच्या मागच्या ओळीशी ताडून बघते, त्याआधीचं काही लक्षात ठेवत नाही. म्हणूनच कोट्यवधी ओळी आल्या तरी तिला जेमतेम मेमरी पुरते.

मधली उभी रेघ म्हणजे पाइप, एका कमांडचा निकाल पुढच्या कमांडला देणारी नळी. बागेतल्या रबरी नळीला दुसरा तुकडा जोडावा तसे प्रोग्राम एकमेकांना जोडता आले पाहिजेत, असं बेल लॅब्जमधल्या डग मॅक्लरॉय यांनी १९६४ मध्येच लिहून ठेवलं होतं. १९७३ मध्ये केन थॉम्पसन यांनी ती सोय युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आणली आणि पुढे लिनक्सनेही ती घेतली. लिनक्समध्ये या नळीत सहसा ६४ किलोबाइट मावतात. ती भरली की ओतणारा प्रोग्राम थांबतो, रिकामी झाली की घेणारा वाट बघतो. दोघंही एकाच वेळी चालू असतात.

एका चिन्हापासून मात्र जपायचं. ‘सॉर्ट यादी > यादी’ असं लिहून मी एकदा अख्खी यादी घालवली. बाण निकाल पुढच्या फाइलमध्ये लिहायला सांगतो. पण ती फाइल शेल (आपल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) आधी रिकामी करतं, सॉर्ट त्यानंतर सुरू होते. तोवर वाचायला काही उरलेलंच नसतं. निकाल नेहमी वेगळ्या नावाच्या फाइलमध्ये घ्यावा.

आता एक खास आपल्या लिपीचा प्रयोग. ‘इको -एन मराठी | डब्ल्यूसी -सी’ दिलं की उत्तर येतं १५. इको शब्द पुढे पाठवते, डब्ल्यूसी मोजते; ही बाइट्सची संख्या. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. (यूटीएफ-८ची मांडणीही थॉम्पसन यांचीच, १९९२ मध्ये रॉब पाइक यांच्याबरोबर केलेली.) ‘-सी’च्या जागी ‘-एम’ दिलं की ५ येतात: म, र, काना, ठ, वेलांटी. आपण बोटांवर मोजतो ती अक्षरं मात्र तीन. तीही मिळतात. मध्ये ग्रेपचा, म्हणजे मजकुरातून हवं ते शोधणाऱ्या कमांडचा, एक तुकडा जोडायचा: ‘ग्रेप -ओपी’, पुढे अवतरणात उलटी तिरकी रेघ आणि मोठं एक्स. तो म, रा, ठी अशी एकेक अक्षरं एकेका ओळीवर सोडतो. त्याच्यापुढे ‘डब्ल्यूसी -एल’ जोडून ओळी मोजल्या की पडद्यावर येतात ३.