तार खांबाला टेकते तिथे: झटक्याच्या कुंपणाची पार्श्वभूमी

मृगाचे पहिले दोन-तीन पाऊस पडून गेले होते. शिळफाट्यापलीकडच्या गोठेघरात, म्हणजे नावातच गोठा असलेल्या गावात, एका ओळखीच्या काकांच्या शेळ्यांच्या वाड्यावर संध्याकाळी गेलो होतो. सौर पट्टीवर चालणारे झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत विजेचे तुटक झटके सोडणारे यंत्र, नवे, तारही नवी. तरीही शेळ्या तारेखालून खुशाल ये-जा करत होत्या. "मशीन बरोबर हाय, पन बकऱ्या काय ऐकत नाय," काका म्हणाले. मी अंधार पडेपर्यंत थांबलो, कारण कुंपणातला दोष दिवसा दिसत नाही. काळोख झाल्यावर तिसऱ्या मेढीपाशी, म्हणजे लाकडी खांबापाशी, 'टक… टक…' असा आवाज येऊ लागला. सेकंदाला एक टक, आणि प्रत्येक टकीला मोहरीएवढी निळी ठिणगी. तिथे तार खिळ्याला अडकवली होती आणि मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला होता. तुकडा भिजला होता आणि खिळ्याच्या कडेवर घासून आतून फाटला होता. मशीनमधून निघालेली वीज शेळीपर्यंत जाण्याआधीच त्या ओल्या मेढीतून जमिनीत उतरत होती.

तार जिथे खांबाला टेकते ती बोटभर जागा. झटक्याच्या कुंपणाचा जवळजवळ सगळा इतिहास या जागेभोवती फिरतो, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त हेळसांडही तिचीच होते. म्हणून ही पार्श्वभूमी जरा मुळापासून लिहितो आहे.

आधी आपल्या मुलखाचे सांगायला हवे. ठाणे, कल्याण, भिवंडी, पनवेल या बाजूला कुंपण घालायची चाल जुनीच, पण ते पिकाभोवती, गुरांभोवती नाही. शेर, निवडुंग, निर्गुडी, मोगली एरंड यांची वई, किंवा करवंदीच्या काटेरी फांद्या दाबून केलेले कुंपण. मेढी म्हणून पांगाऱ्याच्या किंवा शेवग्याच्या ओल्या फांद्या रोवायच्या, त्या पावसात फुटायच्या आणि पुढची कित्येक वर्षे उभ्या राहायच्या. गुरे मात्र माणसाच्या राखणीत. सकाळी गुराख्याने रानात न्यायची, तिन्हीसांजेला परत आणायची. तबेल्यातल्या म्हशी तर दावणीलाच, साखळीत. ज्याचे जनावर दुसऱ्याच्या शेतात शिरले त्याने कोंडवाड्यात दंड भरून ते सोडवायचे. या व्यवस्थेला इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने सरकारी रूप दिले, पण जनावर आवरणे ही माणसाची जबाबदारी, हा त्यामागचा समज जुनाच होता. त्यामुळे जनावर तारेच्या आत मोकळे सोडायचे आणि राखण तारेवर सोपवायची, हा विचार आपल्याकडे बाहेरून आला आणि उशिरा आला.

तो आला कारण गुराखी उरला नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने उभे राहिले, 1970 मध्ये सिडको स्थापन झाली, नवी मुंबईसाठी 95 गावांच्या जमिनी संपादनात आल्या. भातशेती गेली तशी गुरचरणेही आक्रसली. ज्या घरातला मुलगा गुरे वळत असे, त्या घरातला मुलगा कंपनीत किंवा रिक्षावर गेला. ज्यांनी शेळ्या किंवा चार गाई ठेवल्या, त्यांना एक-दोन एकर जागा अडवून जनावर त्यातच ठेवण्यावाचून मार्ग राहिला नाही. काटेरी तार, चेनलिंक जाळी, आणि आता झटका मशीन असा क्रम आपण डोळ्यांदेखत पाहिला.

जगात हा क्रम बराच आधी घडला. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात जोसेफ ग्लिडन या शेतकऱ्याला 24 नोव्हेंबर 1874 रोजी काटेरी तारेचे पेटंट मिळाले. काटा एका तारेवर चढवून दुसरी तार तिच्याभोवती पिळायची, म्हणजे काटा जागचा हलत नाही, एवढीच त्यातली युक्ती. लाकूड आणि दगड दुर्मीळ असलेल्या माळरानांवर या तारेने काही वर्षांत हद्दी आखल्या. काटेरी तारेला खांबावर कसे बांधले याचे फारसे बंधन नसते; खिळा ठोका, बायंडिंग तारेने आवळा, चालते. आपले हात याच सवयीवर घडले आहेत आणि झटक्याची तार बांधताना नेमकी हीच सवय नडते.

तारेतून वीज न्यायची आणि ती खांबात गळू द्यायची नाही, हा प्रश्न शेतकऱ्याआधी तारायंत्रवाल्यांना पडला होता. 1839 मध्ये कंपनी सरकारचे डॉक्टर विल्यम ओ'शॉनेसी यांनी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात कित्येक मैल लोखंडी तार बांबूंवर टांगून संदेश पाठवून पाहिले होते. कोरडा बांबू वीज बऱ्यापैकी अडवतो, ओला झाला की अडवत नाही. पुढे काच आणि चिनी माती यांच्या वाट्या खांबांवर आल्या आणि त्या रुळांच्या कडेने सगळीकडे पसरल्या. आज ठाणे स्थानकाच्या फलाटावरून वर पाहिले तरी चॉकलेटी रंगाचे चकत्या-चकत्यांचे इन्सुलेटर, म्हणजे तार धरून वीज अडवणारे आधार, दिसतात. त्या चकत्या शोभेच्या नाहीत. पाण्याच्या ओघळाला खांबापर्यंत सलग वाट मिळू नये, प्रत्येक चकतीखाली थोडी कोरडी जागा राहावी, म्हणून तो आकार आहे. दिवसभर तापलेल्या चिनी मातीवर पावसाचे थेंब पडले की तडे जातात आणि वीज जाते, हे दर जूनमध्ये आपण अनुभवतो. शेतातल्या कुंपणाचीही हीच गोष्ट, फक्त छोट्या मापात.

या इतिहासात एक काळे पानही आहे. पहिल्या महायुद्धात, 1915 मध्ये, जर्मनांनी व्यापलेल्या बेल्जियम आणि तटस्थ हॉलंड यांच्या सीमेवर तारांचे कुंपण उभे केले आणि त्यात सुमारे 2000 व्होल्टची वीज सोडली. लोक त्याला मृत्यूची तार म्हणत. पलीकडे जाऊ पाहणारे शेकडो लोक त्यावर मेले, आणि कुंपणाजवळ आलेली गुरेही. हे सांगायचे कारण असे की व्होल्टचा आकडा ऐकून धोक्याचा अंदाज बांधता येत नाही. आजच्या झटका मशीनची तार 5000 ते 8000 व्होल्टवर असते आणि तरी ती मारत नाही. फरक वीज सलग वाहते की तुटक, यात आहे.

ही तुटक वीज जनावरांसाठी घडवली ती न्यूझीलंडच्या वायकाटो भागात. 1930 च्या दशकात बिल गॅलाघर यांचा जो नावाचा घोडा त्यांच्या मोटारीला अंग घासायचा. गाडी हलली की घोड्याला झटका बसेल अशी जोडणी त्यांनी केली, आणि त्यातून कुंपणाची यंत्रे बनवायचा धंदा उभा राहिला. त्या काळी तिथे घरच्या विजेवर कुंपण चालवायला मनाई होती. ती 1961 मध्ये उठली. पण खरी अडचण गळतीची होती. गवताचे एक पाते तारेला लागले, एक इन्सुलेटर ओला झाला, की पुढचे सगळे कुंपण मेले. तार काहीशे मीटरच्या पलीकडे नेता येत नसे. 1962 मध्ये हॅमिल्टनजवळच्या रुआकुरा संशोधन केंद्रातील डग फिलिप्स यांनी कपॅसिटरमध्ये वीज साठवून ती एका दमात, सेकंदाच्या अगदी लहान अंशात तारेत सोडण्याची रीत काढली. झटका इतका जोरकस आणि इतका आखूड की थोडे गवत लागले तरी तो पुढे पोचतो. काहीशे मीटरची तार 35 किलोमीटरपर्यंत नेता येऊ लागली. आपल्या बाजारातली झटका मशीनेही याच तत्त्वावर चालतात.

त्याच सुमारास खांबावरची ती बोटभर जागाही बदलली. चिनी मातीचे इन्सुलेटर महाग, जड, आणि दगड लागला की फुटणारे. 1933 मध्ये इंग्लंडमध्ये सापडलेले पॉलिथिन युद्धात रडारच्या तारांसाठी वापरले गेले होते. युद्धानंतर ते आणि त्याची भावंडे स्वस्त झाली आणि कुंपणावर आली. पहिल्या पिढीतले प्लास्टिक उन्हाने ठिसूळ व्हायचे. त्यात मोजकी काजळी मिसळली की ऊन आत शिरत नाही, म्हणून चांगले इन्सुलेटर बहुधा काळे असतात. इथेच आपल्या लोकांची फसगत होते. ट्यूबही काळी, तीही रबराची, मग चालायला काय हरकत, असे वाटते. ट्यूबच्या रबरात काजळी भरपूर असते आणि काजळी विजेला वाट देते. घरच्या 230 व्होल्टला ती कदाचित अडवेलही, काही हजार व्होल्टच्या झटक्याला अडवत नाही. बागेच्या पाण्याची नळी, सलाइनची नळी, बाटलीचे बूच हे सगळे मी पाहिले आहे. एक उन्हाळा ते तग धरते आणि पहिल्या पावसात सोडून देते.

बांधायची रीत इतिहासातूनच उलगडते. काटेरी तार आवळून बांधायची सवय झटक्याच्या तारेला लावू नये. कोपऱ्याच्या खांबावर ती घट्ट हवी, तिथे ओढ सोसणारा कप्पीसारखा किंवा अंडाकृती इन्सुलेटर हवा. मधल्या प्रत्येक खांबावर मात्र ती सरकती हवी. उन्हात तार लांबते, थंडीत आखडते. एखादी म्हैस अंगावर आली किंवा फांदी पडली, तर सरकती तार तो भार सगळ्या लांबीवर वाटून घेते. आवळलेली तार त्याच खांबावर तुटते किंवा इन्सुलेटर उपटून काढते. तार खांबाच्या आतल्या बाजूला, जनावराच्या अंगाला लावावी. म्हणजे जनावराने रेटा दिला तर इन्सुलेटर खांबावर दाबला जातो, उखडत नाही. लाकडी मेढीत यू-खिळा ठोकताना तो लाकडाच्या रेषेला थोडा तिरपा धरावा, नाहीतर मेढ चिरते.

लोखंडी अँगलवर जास्त सांभाळावे लागते, कारण अँगल म्हणजे जमिनीत रोवलेली अर्थिंगच. तिथे बोल्टचा इन्सुलेटर हवा आणि तारेपासून लोखंडापर्यंत बोटभर तरी अंतर हवे. सिमेंटचा पोल सुरक्षित वाटतो, पण आत सळ्या असतात आणि सिमेंट पाणी धरून ठेवते. इन्सुलेटर पोलला बांधायला वापरलेल्या बायंडिंग तारेचे टोक वळून झटक्याच्या तारेला लागलेले असते, हा दोष मला सगळ्यात जास्त वेळा सापडला आहे. पांगाऱ्याच्या जिवंत मेढीची अडचण वेगळी. झाड जाड होते आणि दोन-तीन पावसाळ्यांत खिळा नि इन्सुलेटर गिळून टाकते. तिथे खिळ्याऐवजी दोरीचा सैल फास टाकून इन्सुलेटर लटकवावा आणि दरवर्षी सैल करावा. जीआय तारेला, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी तारेला, तांब्याची तार जोडू नये. आपल्या दमट हवेत त्या जोडावरचे जस्त झडते आणि मग तार गंजते.

झटका बसायला वर्तुळ पूर्ण व्हावे लागते: मशीन, तार, जनावर, जमीन, आणि जमिनीतल्या सळ्यांतून पुन्हा मशीन. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये मुरूम इतका सुकतो की जमीनच वीज नेत नाही, मग खांब कितीही चांगले असोत. तेव्हा अर्थिंगच्या सळ्यांवर पाणी ओतावे लागते. पावसाळ्यात जमीन उत्तम असते आणि खांब गळतात. एकाच कुंपणाचे वर्षात दोन आजार, उलट्या दिशांचे.

आता सगळ्यात महत्त्वाचे, आणि हे लिहिताना मला राग येतो. मशीनचे पैसे वाचवायला घरच्या किंवा पंपाच्या मीटरवरून थेट तारेत वीज सोडणारे लोक आजही आहेत. ती सेकंदाला पन्नास फेरे घेत सलग वाहणारी वीज असते. स्नायू आवळले जातात, हात तार सोडू शकत नाही, हृदयाचा ठोका बिघडतो. प्रमाणित मशीनसाठी भारतीय मानक आय.एस. 302, भाग 2, विभाग 76 आहे. त्यानुसार दोन झटक्यांत किमान एक सेकंदाचे अंतर, एक झटका 10 मिलिसेकंदांपेक्षा लांब नाही, आणि 500 ओहमच्या भारावर त्यातली ऊर्जा 5 जूलपेक्षा जास्त नाही. त्या एका सेकंदात माणूस किंवा जनावर मागे सरकू शकते, सगळा जीव त्या फटीत वाचतो. थेट वीज सोडणे हा गुन्हा आहे, आणि अशा तारांवर शेजारी, लहान मुले, स्वतः शेतकरी, डुकरे आणि बिबटे मेल्याच्या बातम्या महाराष्ट्रातून वारंवार येतात. काटेरी तारेत झटका सोडणेही तितकेच चुकीचे: अडकलेल्याला मागे सरकता येत नाही आणि तो झटके खात राहतो.

येऊर, मुरबाड, शहापूर या बाजूचे लोक बिबट्यासाठी ही तार विचारतात. दिवसा मोकळ्या चराईत शेळ्या एकत्र ठेवायला ती उपयोगी आहे. रात्री मात्र शेळ्या पक्क्या भिंतीच्या, वरून बंद आणि दाराला कडी असलेल्या गोठ्यातच हव्यात. बिबट्याला चार तारांचे कुंपण ओलांडायला एक उडी पुरते.

गोठेघरच्या वाड्यावर पुढच्या रविवारी आम्ही सगळ्या ट्यूब काढल्या. बत्तीस मेढी, प्रत्येकीवर तीन तारा. काकांची सून इन्सुलेटर देत होती, काका खिळे तिरपे ठोकत होते. शेवटच्या मेढीवर आधी मीटर जेमतेम हजार व्होल्ट दाखवत होता, दुपारी साडेपाच हजारांच्या वर गेला. सगळ्यात खालची तार विताच्या उंचीवर घेतली, कारण शेळी उडी मारण्याआधी वाकून पाहते. एका तांबड्या पाटीने, म्हणजे तरण्या शेळीने, नाक लावले, मागे सरली, आणि दिवसभर त्या बाजूला गेली नाही. रात्री मी पुन्हा कुंपणाभोवती फिरलो. टक-टक कुठेही नव्हती.