फर्माला चकवणारी संख्या

४,२९,४९,६७,२९७ ही संख्या ३ ने भागून पाहा, ७ ने पाहा, १३ ने पाहा, बाकी उरतेच. लहानापासून सुरुवात केली, तर ओळीने ११५ मूळ संख्या हात टेकतात. ११६ वी मूळ संख्या ६४१. तिने मात्र निःशेष भाग जातो आणि भागाकार येतो ६७,००,४१७. हीसुद्धा मूळच, त्यामुळे पुढे फोड नाही.

ही संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. २ चा घातांक १, २, ४, ८, १६ घेऊन येणाऱ्या संख्येत १ मिळवला की ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ मिळतात. पाचही मूळ. ते पाहून १६४० च्या सुमारास फ्रेंच गणिती पिएर द फर्माने अंदाज बांधला की घातांक असाच दुप्पट करत गेलो, तर प्रत्येक वेळी मूळ संख्याच येईल. पुढच्याच पायरीवर तो कोसळतो. हे गणिती ऑयलरने १७३२ मध्ये दाखवले.

गंमत अशी की लागणारे हत्यार फर्माचेच होते. विषम मूळ संख्या 'प' घेतली, तर २ च्या (प − १) व्या घाताला 'प' ने भागल्यावर बाकी १ उरते, हा त्याचाच सिद्धांत. आता 'प' आपल्या संख्येला भागत असेल, तर २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१ (म्हणजे 'प' पेक्षा एकने कमी) आणि ६४ व्या घाताची १. म्हणजे बाक्यांचे चक्र बरोबर ६४ पायऱ्यांचे, आणि (प − १) ला ६४ ने भाग जायलाच हवा. अशा मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१... पाचव्या प्रयत्नात काम फत्ते! फर्मासारख्या माणसाने एवढे करून पाहिले नसेल, हे मला अजून पटत नाही. कदाचित कुठेतरी भागाकारच चुकला असेल.

भागाकार न करताही ६४१ पकडता येतो. ६४१ = ५ × १२८ + १, म्हणून ५ गुणिले २ चा ७ वा घात यांना ६४१ ने भागल्यावर बाकी −१. दोन्हीकडे चौथा घात घ्या: ६२५ गुणिले २ चा २८ वा घात, बाकी १. पण ६४१ = ६२५ + १६, म्हणजे ६२५ च्या जागी −१६ चालतो. १६ हा २ चा चौथा घात, तेव्हा २ च्या ३२ व्या घाताला उणे चिन्ह लावले की बाकी १, म्हणजे खुद्द त्या घाताची बाकी −१. त्या घातात १ मिळवला की बाकी शून्य.

या संख्येहून दोनने लहान असलेली ४,२९,४९,६७,२९५ ही तर वरच्या पाचही मूळ संख्यांचा गुणाकार आहे. अशा मूळ संख्यांना फर्मा मूळ संख्या म्हणतात. बाजूंची विषम संख्या वेगवेगळ्या फर्मा मूळ संख्यांचा गुणाकार हवी, या गणिती गाऊसच्या निकषानुसार तितक्या बाजूंचा सुसम बहुभुज केवळ पट्टी आणि कंपास वापरून काढता येतो, निदान तत्त्वतः. विषम बाजूंच्या अशा बहुभुजांत याहून मोठा आजवर माहीत नाही. सहावी फर्मा मूळ संख्या सापडली तरच मिळेल, आणि घातांक ३२ पासून २ च्या ३२ व्या घातापर्यंतच्या सगळ्या पायऱ्या संयुक्त निघाल्या आहेत. त्यापुढची पायरी मूळ की संयुक्त, हे अजून ठरलेले नाही. ती संख्या २५८ कोटींहून अधिक अंकांची आहे.