व्हेल्क

व्हेल्क म्हणजे उत्तर अटलांटिकच्या गार पाण्यातली समुद्री गोगलगाय, शास्त्रीय नाव बक्सिनम अंडाटम, स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने 1758 मध्ये दिलेलं. ब्रिटन, आयर्लंड, फ्रान्स, नॉर्वे, आइसलंड, पलीकडे कॅनडापर्यंत सापडतो, आपल्या कोकणात मात्र नाही, एवढं कोमट पाणी त्याला सोसत नाही. शंख जाड, मातकट, साधारण 10 सेंमीपर्यंत, अंगावर लाटांसारख्या वळ्या.

दिसायला संथ पण पक्का मांसाहारी. एक नळी वर काढून पाणी हुंगत फिरतो, मेलेल्या माशाचा वास आला की सरपटत तिकडेच. जिवंत शिंपलाही सोडत नाही, तो जरा उघडला की स्वतःच्या शंखाची कड फटीत घालतो, मग शिंपल्याला मिटताच येत नाही. मच्छीमार या वासाच्याच ओढीवर त्याला पकडतात, भोकं पाडलेल्या डब्यात खेकड्याचे तुकडे नि मुशीचं मांस घालून डबे दोरीने तळाला सोडायचे. फ्रान्समध्ये याला बुलो म्हणतात, उकडून मेयॉनेजबरोबर खातात, आणि ब्रिटनचा बराच माल दक्षिण कोरियाला जातो.

सगळ्यात भारी गोष्ट अंड्यांची! हिवाळ्यात पाणी गार झालं की मादी दगडाला फिकट पिवळा पुंजका चिकटवते. तो सुटून किनाऱ्याला लागतो तेव्हा हातात घेतला तर अगदी हलका, वाळक्या बुडबुड्यांचा स्पंजच वाटतो, पूर्वीचे खलाशी त्याने अंग घासायचे. एकेका बुडबुड्यात हजाराच्या आसपास अंडी, पण पिल्लं निघतात जेमतेम दहा-पंधरा, कारण बाकीची अंडी हाच त्यांचा खाऊ. आणि निघालेलं पिल्लू पोहत नाही, बारकासा शंख घेऊनच बाहेर येतं आणि तळावर चालायला लागतं.

इथेच खरी गोम आहे. कालवांची पिल्लं प्रवाहाबरोबर लांब जातात, व्हेल्क जन्मला तिथेच आसपास राहतो, म्हणून एका भागातले उपसून संपवले की शेजारून पटकन भर पडत नाही. त्यात बोटींच्या तळाला लावायच्या टीबीटी (ट्रायब्यूटिलटिन) नावाचं विषारी रसायन असलेल्या रंगाने माद्यांना नराचं इंद्रिय फुटायला लागलं होतं, त्या रंगावर 2008 पासून जागतिक बंदी आहे. युरोपियन युनियनच्या नियमाने 45 मिमीपेक्षा छोटा शंख परत सोडावा लागतो, पण हे माप फारच कमी आहे, कित्येक ठिकाणी तेवढा व्हेल्क अजून वयातही आलेला नसतो, एकदाही अंडी न घालता डब्यात जातो.