चांद्याचा कोळसा आणि झ्यूस घराण्यातले आजोबा-नातू

माझ्या टेबलावर तळहाताएवढा एक करडा दगड आहे. जातीनं शेल, म्हणजे गाळाचे थर दाबून झालेला चपटा खडक. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका कोळसा खाणीबाहेरच्या मातीच्या ढिगातून तो माझ्याकडे आला. उजेडात जरा तिरपा धरला की त्यावर एक पान दिसतं. जिभेसारखं लांबट, मधोमध ठळक शीर आणि तिच्यापासून काठांकडे गेलेली बारीक शिरांची जाळी. नख फिरवलं तर मधली शीर हाताला लागते. हे पान गळून पडलं त्याला 25 कोटींहून जास्त वर्षं झाली.

झाडाचं नाव ग्लॉसोप्टेरिस. ग्रीक भाषेत ग्लॉसा म्हणजे जीभ. ही झाडं पृथ्वीवरून केव्हाच नाहीशी झाली, पण वर्धा खोऱ्यातल्या कोळशात त्यांचा मोठा वाटा आहे. दक्षिण ध्रुवावरून परतताना 1912 साली कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सोबती बर्फात मरण पावले, तेव्हा त्यांच्या सामानात सुमारे 16 किलो दगड होते. पाय उचलत नव्हते, तरी त्यांनी ते दगड टाकले नव्हते. त्यांत हेच पान होतं. अंटार्क्टिकात आणि चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, एकच झाड!

असं का, या प्रश्नाचं उत्तर त्याआधीच व्हिएन्नाच्या एडुआर्ड झ्यूस या भूवैज्ञानिकानं सुचवलं होतं. भारत आणि आफ्रिकेतल्या खडकांत एकसारखी पानं सापडतात, तेव्हा ही भूमी पूर्वी एकसंध असली पाहिजे, असं त्यानं मांडलं आणि 1885 मध्ये त्या भूमीला नाव दिलं गोंडवनाभूमी. गोंडवन हा शब्द त्यानं भारतातल्या भूवैज्ञानिकांकडून घेतला आणि त्यांनी तो गोंडांच्या मुलखावरून घेतला होता. चांदा ही गोंड राजांची राजधानी. जगभरच्या भूगोलाच्या पुस्तकांत आज जे नाव आहे, ते आपल्या विदर्भाच्या शेजघरातलं आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मे महिन्यात ज्या चंद्रपूरचा पारा 47 अंशांपुढे जातो, तिथं एकेकाळी हिमनद्या होत्या. इरई गावाजवळ चुनखडकावर बर्फानं घासत नेलेल्या दगडांचे ओरखडे 19व्या शतकातच सापडले. सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी आपला भूभाग दक्षिण ध्रुवाच्या आसपास होता. पुढे बर्फ ओसरलं, सखल भागात दलदली झाल्या, त्यांत ग्लॉसोप्टेरिसची रानं वाढली. पानं, फांद्या, खोडं पाण्यात पडत राहिली. झाड उघड्यावर पडलं तर बुरशी आणि जिवाणू त्याचा फडशा पाडतात आणि त्यातला कार्बन पुन्हा हवेत जातो. दलदलीच्या तळाशी प्राणवायू नसल्यानं ते काम अर्धवट राहिलं. न कुजलेल्या पाल्याचा थर साचला. त्यावर नद्यांची वाळू आणि गाळ बसला, जमीन खचत गेली आणि वजन व उष्णतेनं थरातलं पाणी आणि वायू निघून गेले. मागे उरला तो दगडी कोळसा.

त्याच नद्यांनी पाल्यात मातीही मिसळली. म्हणूनच आपल्या कोळशात राख भरपूर. शंभर किलो जाळला तर बहुतेक वेळा 35 ते 45 किलो राखच उरते. चंद्रपूरकरांच्या अंगणात, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी जी राख आहे, ती त्या जुन्या नद्यांची माती आहे. पश्चिम महाराष्ट्रात मात्र वरती लाव्हाचे काळे थर पसरलेले आहेत, त्यामुळे पुण्या-साताऱ्याकडे कोळशाच्या खाणी नाहीत.

तेलाची गोष्ट वेगळी. ते मोठ्या झाडांपासून होत नाही, मुख्यतः पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांपासून होतं. गाळात पुरलेले त्यांचे अवशेष साधारण 60 ते 120 अंश तापमानाला शिजले की तेल सुटतं आणि वर सरकत सच्छिद्र खडकात अडकतं. मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर समुद्रात, बॉम्बे हायच्या चुनखडकात 1974 साली सागर सम्राट या समुद्री विंधन-मंचानं विंधन घेतलं ते अशाच अडकलेल्या तेलापर्यंत.

आता नातवाकडे येऊ. एडुआर्डचा नातू हान्स झ्यूस रसायनशास्त्रज्ञ झाला आणि अमेरिकेत गेला. आजोबांनी पानांवरून भूमी ओळखली, नातवानं लाकडावरून धूर ओळखला.

हवेतल्या कार्बनमध्ये कार्बन-14 नावाचा किंचित किरणोत्सारी अंश असतो. वरच्या वातावरणात वैश्विक किरणांमुळे तो सतत तयार होतो आणि झाडं तो हवेबरोबर घेतात. झाड मेलं की भर थांबते आणि साठा घटत जातो, दर 5,730 वर्षांनी निम्मा. काही कोटी वर्षांनी त्यातलं काहीच उरत नाही. माझ्या टेबलावरच्या पानात शून्य, कोळशात शून्य, पेट्रोलमध्येही शून्य. हान्सनं 19व्या शतकातल्या आणि 20व्या शतकातल्या झाडांचं लाकूड तपासलं. नव्या लाकडात कार्बन-14 चं प्रमाण थोडं कमी भरलं. 1955 साली त्यानं हे छापलं. दुधात पाणी घातलं की दूध पातळ लागतं, तशी हवा जुन्या कार्बननं पातळ झाली होती.

इथं कुणी विचारेल, ज्वालामुखीच्या वायूतही कार्बन-14 नसतो, मग दोष कोळशालाच का? प्रश्न रास्त आहे. पण सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात तो माणसानं सोडलेल्याच्या शंभराव्या हिश्श्यापेक्षाही कमी आहे. शिवाय झाडं कार्बन-13 हा जड प्रकार कमी घेतात, म्हणून कोळशातही तो कमी असतो, आणि हवेतही त्याचंच प्रमाण घटतंय. खूण झाडाची आहे, लाव्हाची नाही.

कोळशाच्या कार्बनचा एक अणू जळताना हवेतले प्राणवायूचे दोन अणू घेतो, म्हणून 12 किलो कार्बनचा 44 किलो वायू होतो. आपल्याकडे एक युनिट वीज करायला साधारण 700 ग्रॅम कोळसा लागतो आणि त्यातून जवळपास 1 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हा वायू सूर्यप्रकाश आत येऊ देतो, पण तापलेल्या जमिनीची उष्णता शोषून तिचा काही भाग पुन्हा खाली पाठवतो. कारखानदारीच्या आधी हवेच्या दर दहा लाख रेणूंत त्याचे सुमारे 280 रेणू होते. 1958 मध्ये हवाईतल्या मौना लोआवर नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा ते सुमारे 315 होते. आज 420 च्या वर आहेत. दलदलींनी लाखो वर्षं घेऊन जे हवेतून काढून ठेवलं, ते आपण दोन-तीनशे वर्षांत परत हवेत सोडतो आहोत.

कोळसा वर कसा येतो तेही पाहण्यासारखं आहे. पूर्वी जमिनीखाली बोगदे खणत आणि छत पडू नये म्हणून कोळशाचेच खांब मागे सोडत, त्यात बराच कोळसा अडकून राही. आता बहुतेक खाणी खुल्या. आधी झाडं जातात, मग कपाशीची काळी माती, मग सुरुंग लावून फोडलेला खडक. सगळं डंपरनं वाहून बाजूला टाकतात. घुग्घुस, वणी, राजुऱ्याकडे क्षितिजावर सपाट माथ्याच्या टेकड्या दिसतात, त्या अशा. पावसाळ्यात त्यांवर बाभळी उगवतात. खाणीत पाणी शिरू नये म्हणून अहोरात्र पंप चालतात आणि आसपासच्या विहिरींची पातळी खाली जाते. उघड्या पडलेल्या कोळशाला हवा लागली की तो स्वतःहून तापतो, कधी पेटतोही. पावसाच्या पहिल्या सरीनंतर त्या धुमसत्या ढिगाचा जो वास येतो तो एकदा घेतला की विसरता येत नाही.

वीज बनवणारा 500 मेगावॅटचा एक संच पूर्ण क्षमतेनं चालला तर दिवसाला सुमारे 8,000 टन कोळसा खातो, म्हणजे दोन मालगाड्या. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता 2,920 मेगावॅट आहे. तिथले पहिले दोन संच 1983-84 मध्ये सुरू झाले आणि तीन दशकांनंतर बंद पडले. पैशाचा विचार करताना हे वय लक्षात ठेवावं लागतं. आज कुणी संच उभारला तर कर्जफेड आणि नफ्याचं गणित पुढच्या 25-30 वर्षांवर मांडलेलं असतं. त्या काळात शेजारी स्वस्त वीज आली तर? डिसेंबर 2020 मध्ये गुजरातच्या लिलावात सौर विजेचा दर युनिटला 1 रुपया 99 पैशांपर्यंत उतरला. रात्री सूर्य नसतो आणि साठवणुकीचा खर्च वेगळा, हे खरंच आहे. भारताचं कोळसा उत्पादनही 2024-25 मध्ये 100 कोटी टनांवर गेलं. तरीही दिवसाची वीज स्वस्त झाली की जुन्या संचाला दुपारी आग मंद ठेवावी लागते, आणि मंद आगीवर कर्ज फिटत नाही.

असा पैसा मध्येच अडकून पडतो. अमेरिकेतली पीबॉडी ही जगातल्या बड्या कोळसा कंपन्यांपैकी एक, 2016 मध्ये ती दिवाळखोरीत गेली. 20 एप्रिल 2020 ला अमेरिकी कच्च्या तेलाच्या वायद्याचा भाव पिंपाला शून्याखाली 37 डॉलरवर बंद झाला, कारण टाळेबंदीत मागणी आटली होती आणि तेल ठेवायला जागा उरली नव्हती. कंपन्यांच्या ताळेबंदात जमिनीखालचे साठे मालमत्ता म्हणून धरलेले असतात. तापमानवाढ 2 अंशांच्या आत ठेवायची तर जगातल्या कोळसा साठ्यांपैकी 80 टक्क्यांहून जास्त जमिनीतच राहायला हवेत, असा अंदाज 2015 साली मांडला गेला. ज्यांची बचत फंडातून किंवा पेन्शनमधून अशा कंपन्यांत गेली आहे, त्यांनी आपला पैसा किती वर्षांच्या भरवशावर तिथं ठेवलाय ते विचारून घ्यावं. तो त्यांचा हक्क आहे.

पण मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गुंतवणूकदारांची. खाणपट्ट्यात हजारो शेतकऱ्यांनी जमीन दिली आणि बदल्यात घरटी एखादी नोकरी घेतली. त्यांचं भांडवल म्हणजे ती पाच-सात एकर काळी जमीन. नोकरी एका माणसाच्या निवृत्तीपर्यंत पुरते, जमीन नातवंडांपर्यंत पुरली असती. खाण बंद झाल्यावर जमीन सावरायला पैसा हवा म्हणून 2009 च्या नियमांनी कंपन्यांना तो आधीच बँकेत बाजूला ठेवायला लावला: तेव्हाच्या दरानं खुल्या खाणीसाठी हेक्टरी 6 लाख रुपये, भूमिगत खाणीसाठी 1 लाख. नियम चांगला आहे. मात्र त्याचा हिशेब हेक्टरवर आहे, घरांवर नाही. अजून डंपर चालतायत आणि दर महिन्याला पगार येतोय, तोवरच हा दुसरा हिशेब प्रकल्पग्रस्तांच्या बैठकांत, ग्रामसभेत आणि कंपनीच्या टेबलावर मांडायला हवा.