बुडालेली बोट स्वस्तात मिळतेय? टोकन देण्याआधी हे वाचा

पावसाळा संपत आला की आमच्या बोट दुरुस्तीच्या वर्कशॉपला हा फोन ठरलेला. "एक बोट मिळतेय, थोडं पाणी गेलं होतं, पण बॉडी एक नंबर आहे, घेऊ का?" आणि पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर आठ-दहा फोटो. निसर्ग (जून २०२०) आणि तौक्ते (मे २०२१) ही वादळं लागोपाठच्या वर्षी आली तेव्हापासून तर अशा बोटींचा बाजारच झालाय. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलंय. ट्रान्सम म्हणजे बोटीची मागची भिंत आणि बिल्ज पंप म्हणजे तळात साचलेलं पाणी उपसणारा पंप, एवढं लक्षात ठेवा.

बोट बुडाली कधी, किती दिवस खाली होती, हे सगळे विचारतात. आम्ही आधी विचारतो, वर कधी काढली? कारण इंजिन खाली गाळात पडलेलं असतं तेव्हा त्याला हवा कमी मिळते आणि गंज हळू धरतो. वर काढल्यावर खरा खेळ सुरू होतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, ते सगळं आत बसलेलं, त्यात हवा आणि मुंबईचा दमटपणा, काही तासांत बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) लाल थर येतो आणि पिस्टनच्या रिंगा चिकटायला लागतात. आउटबोर्ड (ट्रान्समला बाहेरून टांगलेलं इंजिन) असेल तर अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते. म्हणजे चार दिवस पाण्यात राहून वर आल्या आल्या नीट धुतलेलं इंजिन बऱ्याचदा वाचतं, आणि एकच रात्र बुडालेलं पण नंतर महिनाभर धक्क्यावर ताडपत्रीखाली ठेवलेलं जातं. लोकांना हे उलटं वाटतं.

"सुकू दे, मग बघू"

सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा इथेच जातो, तुमचा पण आणि आमचा पण. बोट वर आली, वरून पाईप मारला, उन्हात ठेवली. मालक आणि घेणारा यांची भावावरून घासाघीस पंधरा दिवस चालली आणि तोपर्यंत इंजिनाला कोणी हात लावला नाही. बाहेरून कोरडं ठणठणीत दिसतं, पण मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे आतलं सुकतच नाही. आणि मग सौदा पक्का करायच्या दिवशी बॅटरी लावून सेल्फ मारून बघतात! सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पाणी काही दाबलं जात नाही, पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. जे काम धुऊन, ऑइल बदलून झालं असतं ते आता पूर्ण खोलायचं काम झालं. कृपा करून सेल्फ मारू नका, "फक्त फिरतंय का बघितलं" असं पण नको.

सौदा व्हायचा असेल तरी मालकाला इतकं करायला सांगा, त्याचाच माल वाचतो. भरपूर गोड्या पाण्याने इंजिन आतून बाहेरून धुवायचं, नोझल किंवा प्लग काढायचे, मग हाताने फिरवून पाणी बाहेर काढायचं, चेंबरचं (इंजिनाच्या तळातलं) ऑइल सोडून फिल्टरसकट बदलायचं, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल किंवा ऑइल ओतून पुन्हा हाताने फिरवून ठेवायचं. गिअरबॉक्सचं ऑइल पण. छोटा आउटबोर्ड असेल आणि मेकॅनिक लगेच मिळत नसेल तर तो उन्हात ठेवण्यापेक्षा गोड्या पाण्याच्या ड्रममध्ये बुडवून ठेवलेला बरा. ऐकून लोक हसतात, पण आम्ही खरंच असंच करतो.

मालक म्हणाला "आम्ही काही हात लावला नाही", तर चेंबरचा नट हळूच सैल करून बघा, त्याच्यासमोरच. न फिरवलेल्या इंजिनात पाणी खाली बसतं आणि ऑइल वर तरंगतं, त्यामुळे आधी पाणी येतं, मग काळं ऑइल. पण सुरुवातीपासूनच दुधाच्या चहासारखं घट्ट पाणी आलं तर कोणीतरी ते फिरवलंय किंवा चालवून बघितलंय, आणि मग इंजिनची किंमत शून्य धरूनच बोला. इंजिन चालू असताना बोट बुडाली असेल तरी तेच, पाणी चालत्या इंजिनाने आत ओढलेलं असतं.

वायरिंगबद्दल वाद नको, ते पूर्ण नवीन. "नुसते जॉइंट साफ करा ना" असं दर वेळी कोणीतरी म्हणतं. मग आम्ही एक वायर टोकापासून वीतभर आत कापून वरचं प्लास्टिक सोलून दाखवतो. आतलं तांबं काळं-हिरवं पडलेलं असतं, कारण खारं पाणी तारांच्या मधून वर चढत जातं. अशी वायर आज चालते आणि खांदेरी बेटाच्या पुढे गेल्यावर बंद पडते. स्टार्टर, अल्टरनेटर, फिश फाइंडर, बॅटऱ्या यांचा पण भाव लावू नका. आम्ही टिन केलेली (तांब्यावर कथलाचा थर असलेली) मरीन वायरच टाकतो, ती महाग पडते आणि त्यावरून आमची थोडी बोलणी पण होतात, पण घरातली वायर टाकून दिलेलं काम आमच्या नावावर नको.

बॉडी. फायबर पाण्यात गेलं म्हणून लगेच खराब होत नाही, ही गोष्ट विकणारा खरी सांगतो. बघायचं असतं ते फायबरच्या आतलं. डेकखालचा फोम एकदा पाणी प्यायला की सोडत नाही, आणि त्यात बसलेली अ‍ॅल्युमिनियमची टाकी खालून खड्डे पडून गळते. छोट्या हातोडीने डेकवर आणि ट्रान्समवर टकटक करत जा, खणखणीत आवाज येता येता मध्येच भद्द आवाज आला तर तिथे आतलं प्लाय कुजलंय किंवा थर सुटलाय. आउटबोर्डचा पाय धरून वर-खाली जोर द्या आणि ट्रान्सम हलतो का बघा. हायड्राने (क्रेनने) उचलताना वजन कळत असेल तर विचारून घ्या, कागदावरच्यापेक्षा बरंच जास्त भरलं तर ते पाणीच आहे. अजून एक, बऱ्याच बोटींना बुडताना काही होत नाही, काढताना होतं. दोर नको तिथे बांधून ओढलेली, क्लीट (दोर बांधायचे खुंटे) उपटलेले, पट्ट्याने कडा चेपलेली, दगडांवरून घासत आणलेली. तिथे फायबर आतून बघितल्याशिवाय हो म्हणू नका.

लाकडी बोटीला पाण्यापेक्षा ऊन बाधतं. फळ्या भराभर सुकल्या की फटी उघडतात, म्हणून सावलीत, ओली गोणपाटं टाकून ठेवायला सांगा. बाहेरून टाचणीएवढं भोक दिसतं आणि आत किड्याने लाकूड पोखरलेलं असतं, तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. खिळे गंजले असतील तर नुसत्या रंगावर जाऊ नका. ताजा रंग मारलेली बुडालेली बोट आम्ही तरी संशयानेच बघतो.

कशामुळे बुडाली, हे पण विचारा. मुरिंगला (पाण्यात बोट बांधून ठेवायच्या जागी) बांधलेली, बॅटरी उतरली, बिल्ज पंप बंद, पावसाचं पाणी भरत गेलं, हे त्यातल्या त्यात चांगलं कारण. खडकावर आपटली तरी भोक दिसतं आणि भरता येतं. "काय झालं कळलंच नाही" हे मात्र वाईट, कारण ते कारण अजून बोटीतच आहे. पवईसारख्या तलावातली किंवा धरणातली असेल तर मीठाचा प्रश्न नाही, तिथे आम्ही बराच मोकळा सल्ला देतो.

कागदांचं थोडक्यात. फिशिंग बोट असेल तर मत्स्यव्यवसाय खात्याचं रजिस्ट्रेशन आणि लायसन, पॅसेंजर किंवा हौसेची बोट असेल तर मेरीटाईम बोर्डाचे कागद. मच्छीमार सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज फिटलंय का, आणि इन्शुरन्स क्लेम झालाय का हे लेखी घ्या. पूर्ण नुकसानीचे पैसे कंपनीने दिले असतील तर त्या सांगाड्यावर कंपनीचा हक्क येऊ शकतो, मालकाने विकून टाकली तरी. आणि अजून खाली पडलेली बोट "जशी आहे तशी" घेत असाल तर दहादा विचार करा, बंदराच्या वाटेत असेल तर काढायचा खर्च नव्या मालकाच्या माथी येऊ शकतो.

पैशाचा हिशोब आम्ही असा करतो. बोटीची किंमत, काढून आणायचा खर्च, नवीन वायरिंग, इंजिन नवीनच घ्यावं लागेल असं धरून त्याचा भाव, आणि वर एक तृतीयांश, कारण खोलल्यावर काहीतरी निघतंच. हे सगळं मिळून तशाच वयाच्या न बुडालेल्या बोटीच्या भावाच्या जवळ जात असेल तर सोडून द्या, अशा बोटी दरवर्षी येतात. बॉडी मजबूत, इंजिन वेळेत धुतलेलं आणि भाव भंगाराच्या जवळपास, तर जरूर घ्या, अशा कामाची आम्हाला पण मजा येते.

आम्ही बघायला येण्याचे पैसे घेतो यावर काही जण नाराज होतात. अर्धा दिवस जातो, नट खोलावे लागतात, आणि बऱ्याचदा आमचं उत्तर "घेऊ नका" असतं म्हणजे पुढचं काम पण जातं. काम आमच्याकडे दिलंत तर ते पैसे बिलातून वजा होतात. इन्शुरन्ससाठी सर्व्हेचा कागद लागला तर तो सर्व्हेअरच देतो, आम्ही नाही, पण त्याच दिवशी बोलावता येतो. हायड्राचं भाडं वेगळं. ओहोटीची वेळ बघून फोन करा, बोट चिखलात टेकलेली असताना खालचा भाग बघता येतो, आणि तोपर्यंत बॅटरी जोडू नका.